अम्मीचा सब्जा

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ ऑगस्ट २०२५

सुमय्या,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, खोडलं. प्रेम असतं तर तू मला फोनवर ब्लॉक केलं नसतंस. अफजलभाईंना तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा म्हणाले, सुमय्या झोपलीय. एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी चारला, एकदा संध्याकाळी सातला. दुसरीपासून एका बाकावर बसलोय आपण. तुला दिवसा झोपलेली मी आजवर पाहिली नाही. सोयगावची हवा एवढी गुंगी आणणारी आहे, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून हे पोस्टाचं पाकीट. शाळेत माझ्या निबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तूच काढायचीस. आताही काढ, पण वाच.

तुला जाऊन महिना झाला. पाटीवर अजून 'दोघींचं किचन' आहे आणि आत मी एकटी. डबे होतात कसेबसे. पण संध्याकाळी क्लासची पोरं येतात आणि हिरवा पास्ता मागतात. नाही म्हटलं की तोंड पाडून मोमोवाल्याकडं जातात. काल एक बाई आल्या. सब्ज्यानं वजन उतरतं असं त्यांनी मोबाइलवर वाचलेलं. शरबत करून देते म्हटलं, तर तेवढा धीर नाही. वाटीतलं चमचाभर कोरडं बी उचललं आणि टाकलं तोंडात. ते घशात फुगलं. ठसका असा की डोळे पांढरे झाले. पाठीवर थापट्या मारून माझा हात आजही दुखतोय. तुझ्या अम्मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायच्या, आधी भिजवा, फुगू द्या, मग खा. आता बजावायला कोण आहे? अम्मी गेल्या आणि तू रुसलीस.

आणि रुसलीस कशावरून, तर चार पानांवरून! साठ प्लेटची ऑर्डर होती. पुण्याहून बेसिल आणणारा माणूस ऐन वेळेला आला नाही. गच्चीवर तुझ्या सब्ज्याच्या सहा कुंड्या होत्या, मी त्यांतलं तोडलं. दुसऱ्या दिवशी अम्मींची बरसी आहे आणि तू ते कबरीवर न्यायला राखलंयस, हे मला काय स्वप्न पडणार होतं? एकदा बोलायचं होतंस. तू काही बोलली नाहीस. कुंड्या धुतल्यास, पालथ्या घातल्यास आणि रविवारी अफजलभाईंच्या नोकरीच्या गावाला निघून गेलीस. चार वर्षं त्यांनी 'चल' म्हटलं तेव्हा तुला किचन सोडवत नव्हतं. मग आताच कसं सोडवलं?

भांडली असतीस तर बरं झालं असतं. उत्तर पाठव.

तनुजा


उस्मानपुरा
२ सप्टेंबर

सुमय्या,

पोस्टमनला विचारलं. तो म्हणतो पत्र पोचलं. म्हणजे तू वाचलंयस आणि गप्प बसलीयस. बस.

पास्त्यात मी आता कोथिंबीर घालून बघितली. पोरं म्हणाली, काकू, ही पाणीपुरीची चटणी आहे. पुदिना घातला, तर त्यांना दात घासल्यासारखं वाटलं. ही पोरं आजकाल जिभेवर सरकारी शिक्का घेऊन फिरतात.

पहिल्यांदा मी काय केलं होतं, आठवतंय ना? व्हिडिओत सांगितलं, बेसिल म्हणजे तुळस. मी दारातल्या तुळशीची ओंजळभर पानं लसूण-शेंगदाण्यासोबत वाटली. अख्ख्या बॅचला काढ्याचा वास. एका पोरानं तर विचारलं, घशासाठी आहे का काकू? सासूबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून इथं आल्या होत्या. त्यांनी चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. तुळशीचं पान नैवेद्यावर ठेवावं, खोकला झाला तर आलं, मिरी, गूळ घालून उकळावं, पण लसणात तेल सोडून तिला वाटायची म्हणजे काय. तू हसून हसून खाली बसलीस. मग गच्चीवर जाऊन अम्मींच्या सब्ज्याची मूठभर पानं आणलीस. "बेसिल म्हणजे हा. आमच्यात सब्जा म्हणतात. तुळशीची बहीण आहे, पण ही खायला चालते."

जांभळट देठ, बोटाच्या पेराएवढं पान. चुरगाळलं की आधी बडीशेप आणि मागून लिंबू. त्या पानांवर आपलं किचन उभं राहिलं, हे मी विसरलेले नाही. गॅस बंद केल्यावरच पानं घालायची, नाहीतर काळी पडतात, हे तू शिकवलंस. उन्हाळ्यात त्याच झाडाचं बी शरबतात आणि फालुद्यात. कान ठणकला तर अम्मी पानाचा रस लावायच्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी लावायच्या, आणि कान त्यानं बरा झाला की आपोआप, ते देव जाणे.

अम्मींचं एवढंच म्हणणं असायचं, "पत्ता लो बेटा, फूल नक्को तोडो." फुलातून बी येतं आणि बियातून पुढच्या वर्षीचं झाड. त्यांच्या अम्मींनी पैठणहून आणलेलं बी त्या दरवर्षी असंच पुढं चालवत होत्या. पण स्वयंपाकाचं गणित उलटं आहे, सुमय्या. मंजिरी आली की पानं निबर होतात, कडवट लागतात. म्हणून मी मंजिरी दिसली की खुडत होते. कुणीही स्वयंपाकीण तेच करील.

असो. फडताळातल्या डब्याच्या तळाशी अम्मींचं थोडं बी सापडलं. पाकिटात घातलंय. पेर आणि राग सोड.

तनुजा


उस्मानपुरा
२५ सप्टेंबर

सुमय्या,

तुझं कार्ड आलं. दोन महिन्यांत पहिलं अक्षर, आणि त्यात तीन शब्द. 'हे अम्मीचं नाही.'

कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. दूध उतू गेलं. अभय आत येऊन म्हणाला, कुणी गेलं का? मी नवऱ्यावरच ओरडले. तो बिचारा गॅस पुसत बसला.

नाही ते अम्मींचं. शहागंजच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणलं. मोठ्या पानाचं निघालं असेल आणि देठ हिरवा, व्हय ना? मला वाटलं, उगवेपर्यंत तुझा राग उतरेल आणि मग तू खोदून विचारणार नाहीस. तू पेरलंस, इतके दिवस पाणी घातलंस आणि पान चुरगाळून वास घेतलास. ते डोळ्यांपुढं येतं आणि मला माझाच संताप येतो.

फडताळात काही नव्हतं. अम्मी गेल्यावर डब्यात जे बी राहिलं होतं, ते मार्चमध्ये शरबतात गेलं. तेव्हा तू म्हणालीस, राहू दे थोडं, आणि मी म्हटलं, झाडं आहेत की, येईल नवीन. नवीन कुठून येणार? वर्षभर मंजिरी दिसली की मी खुडत होते. तू खाली डबे भरत असायचीस आणि मी वर कात्री घेऊन.

आता आणखी एक लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद होणार नाही. पहिल्या पत्रात लिहिलं की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सोमवारी पीठ मळता मळता तू सांगितलंस, "शुक्रवारी नोमान नेणार आहे अम्मीकडे. तोवर वरच्या कुंड्यांना हात लावू नको, तनू." मी हं म्हटलं. गुरुवारी त्या बेसिलवाल्यानं फोन उचलला नाही आणि तू बाजारात गेली होतीस. मी गच्चीवर गेले. एका कुंडीचं तोडीन म्हटलं, पुरलं नाही. मग दुसरी. मग सगळ्या, बुडख्यापर्यंत. मनाशी म्हटलं, पुन्हा फुटेल. लाकूड झालेल्या बुडख्याला पान ठेवलं नाही तर सब्जा फुटत नाही, हे मला ठाऊक होतं. मीच व्हिडिओ बघून तुला सांगितलं होतं ते.

साठ प्लेट गेल्या. कुणीतरी म्हणालं, आजची चटणी फार छान झाली. तू तेव्हा पायऱ्या चढून वर जात होतीस.

चार पानं नव्हती ती. मला माफ कर असं लिहायचं आहे, पण ते लिहिताना लेखणी अडते. तू माफ केलंस तरी झाड कुठून आणायचं?

तनुजा


उस्मानपुरा
१४ ऑक्टोबर

सुमय्या,

आज नोमान भेटला भाजीबाजारात. मला बघून दुसऱ्या गल्लीत वळत होता, मी नाव घेऊन हाक मारली तसा थांबला. तुझा भाऊ आहे, तोंड फिरवतानासुद्धा सलाम करतो.

मी उगाच त्याला विचारलं की बरसीला काय नेलंस मग. म्हणाला, बाजारातला गुलाब. मला वाटलं तेवढंच. पिशवी उचलली तर तो म्हणाला, "तनुजाबाजी, हर जुम्मे कू आपा मेरे हात में सब्जा देती थी. सालभर. वापस आया की दरवाजे में खडी. पूछती थी, पानी डाला? बास आ रही थी?"

तुमच्या घरातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत, हे मला माहीत होतं. माहीत असून कधी पुढचा विचार केला नाही. मला आई आठवली की मी तिच्या फोटोला हार घालते, गावाला गेले की तिच्या शेतातल्या दगडाशी बसून येते. तू वर्षभर तिथं गेली नाहीस. तुझा सब्जा जात होता. तू गच्चीवर पाणी घालायचीस ते अम्मींना घातल्यासारखं होतं, आणि मी त्याच झाडाला कात्री लावून म्हणायचे, बघ, किती दाट झालं.

हे तू मला एकदा तरी सांगायला हवं होतंस असं लिहिणार होते. पण तू सांगितलं होतंस. 'अम्मीकडे' म्हणालीस. 'कबरीवर' म्हणाली नाहीस. एवढं ऐकू येऊनही मला कळलं नाही, याला तू काय करणार.

मी तेव्हापासून शोधतेय. नर्सरीत गेले, तर पोरगा म्हणाला, इटालियन घ्या, थाई घ्या, लेमन घ्या. मी म्हटलं, जांभळ्या देठाचा, बडीशेपेच्या वासाचा, पैठणकडचा. तो म्हणाला, असा कोड नाही आमच्याकडं. दर्ग्याबाहेरच्या फुलवाल्यांकडून चार गड्ड्या आणल्या, चुरगाळून बघितल्या. एकीला नुसती लवंग, एकीला कापूर, दोघींना काहीच नाही. आता कुठंही हिरवं दिसलं की पान तोडून नाकाला लावते. सोसायटीच्या माळ्यानं काल हाकललं मला.

उत्तर नको पाठवू. मलाच माझ्या पत्रांचा कंटाळा आलाय.

तनुजा


पैठणजवळ, सासूबाईंकडे
३ नोव्हेंबर

सुमय्या,

तुळशीच्या लग्नाला गावी आलोय. हे पत्र इथूनच टाकणार होते, पण बहुतेक टाकणार नाही. तरी लिहिते, लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सासूबाईंनी सकाळी वृंदावनाला गेरू लावायला सांगितलं. पाणी आणायला मागं मोरीकडं गेले. तिथं सांडपाण्याच्या चरीला कंबरेएवढं रान माजलंय. बादली भरताना हात नेहमीसारखा गेला, कुठलंही पान दिसलं की चुरगाळायचं. आधी बडीशेप आली. मी बादली तशीच सोडली आणि खाली वाकून देठ बघितला.

आणि सुमय्या, माझा हात कुठं गेला सांगू? मंजिरीकडं. इतक्या दिवसांनी सापडलं आणि माझी बोटं सवयीनं शेंडा खुडायला निघाली. मागून सासूबाईंनी मनगटावर चापट मारली.

"हात आवर. मंजुळा कशाला तोडतीस? बी धरू दे की."

मी विचारलं, हे कुठून आलं?

"सुमय्याच्या आईची, आबेदाबाईची पुडी. डोळ्याच्या आपरेशनच्या टायमाला दिली व्हती. म्हन्ली, उष्णता लई हाय तुमाला, भिजवून खात जा. मी दोन दिस खाल्लं. बुळबुळीत लागतंय गं, बेडकाच्या अंड्यावानी. मंग दिलं मोरीत फेकून. दरसाल उगवतंय आपलं आपण."

मी तिथंच चिखलात बसले आणि रडायला लागले. मी एवढी जपणारी, शिकलेली, व्हिडिओ बघून छाटणी करणारी, आणि माझ्या हातून संपलं. यांनी किळस येऊन फेकलं आणि ते टिकलं. मला हसू आलं की राग, हे मलाच कळेना.

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांना आधी माहीत नव्हतं. मी त्यांना सांगत होते की सुमय्या आपल्या नवऱ्याकडं राहायला गेली. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरीनं आईला पांघरायला गोधडी शिवावी आन् तू ती फाडून भांडी पुसावी, असं केलंस की गं." आणि गेरूची वाटी माझ्या हातातून घेऊन एकट्याच वृंदावन सारवत राहिल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढलं.

तिन्हीसांजेला लग्न लागलं. अक्षता टाकून झाल्यावर त्या उठल्या आणि मागं जाऊन चरीतल्या सब्ज्यालाही चार दाणे टाकून आल्या. मी बघत होते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "बहीण हाय म्हन्तीस ना हिची. मंग लग्नात रुसाय नको."

तनुजा


सोयगावच्या एसटीत
६ नोव्हेंबर, गुरुवार

सुमय्या,

अक्षर वेडंवाकडं येतंय, रस्त्याला नावं ठेव. सिल्लोड मागं पडलं. मांडीवर तेलाचा डबा आहे आणि डब्यात मुळाच्या मातीसकट सब्जा. कंडक्टर म्हणाला, बाई, डबा पायाशी ठेवा. मी म्हटलं, तुम्हीच पायाशी बसा. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

बी पाठवणार होते. पण माझ्याकडून आलेल्या बियांवर तू आता विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवूही नको. म्हणून झाड आणलंय, कुठून ते गावाहून लिहिलेल्या सोबतच्या पत्रात आहे. दार उघडल्यावर माझ्याकडं बघू नको. आधी देठ बघ. पान चुरगाळ, वास घे. अम्मींचं नसलं तर दार लाव, मी जिन्यातच बसून परतीच्या गाडीची वाट बघीन. माझ्या डोक्यात शोधून शोधून वास बसलाय. मला आता कोथिंबिरीतसुद्धा बडीशेप येते, तेव्हा माझं प्रमाण धरू नको. तुझं नाक सांगेल ते खरं.

असलं तर एक फांदी तूच तुझ्या हातानं तोडून दे. मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार आहे. उद्या जुम्मा. सकाळी नोमानच्या हातात देईन आणि तो परत येईपर्यंत त्याच्या दारात उभी राहीन. पाणी घातलं का, वास येत होता का, ते विचारून तुला कळवीन. फोन तेवढ्यापुरता उघडा ठेव. नंतर पुन्हा ब्लॉक कर.

किचनला परत ये म्हणायला मी येत नाहीये. ते तुझं तू ठरव. पाटी मी काढलेली नाही, एवढंच. आणि आली नाहीस तरी हिरवा पास्ता मी आता करणार नाही. पोरांनी खुशाल मोमो खावेत.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देणार आहे. तोंडानं बोलायला लागले की मी भांडते, हे तुला दुसरीपासून माहीत आहे.

फर्दापूर आलं. मला चहा विचारला नाहीस तरी चालेल, पण हिला आधी पाणी घाल, सकाळपासून उन्हात आहे.

आणि मंजिऱ्या मोजून घे. निघताना अकरा होत्या. एखादी कमी भरली तर ती या गाडीच्या हादऱ्यानं गळाली असेल. मी हात लावलेला नाही.

तनू